बांबू, तणस, सुतळी, बैल आणि दलाल

मोहाडीच्या अलीकडे रस्त्याला लागून एक बंद पडलेली राइस मिल आहे. धान निघालं, दिवाळी झाली आणि गावोगावच्या मंडईची जत्रा सुरू झाली, की त्या मिलमध्ये कलावंतांचं एक मंडळ आपलं वार्षिक प्रदर्शन भरवतं. त्या प्रदर्शनात एक पाटी लागली होती. तीवर लिहिलं होतं, ‘माध्यम : बांबू, तणस, सुतळी, बैल आणि दलाल.’

त्यातला दलाल तो मी.

बाजारात ज्याच्या शब्दावर लोक बैलाचे दात न बघता दोर हातात घेत, त्या माणसाला या लोकांनी सुतळीच्याही मागं उभं केलं. माझा राग जावा म्हणून मी हे लिहीत नाही. तो बरोबर कशाचा आहे, ते लोकांना समजावं म्हणून लिहितो.

मी बैलांचा दलाल आहे. बाजारात आता बैल कमी आणि बैलांवर बोलणारे जास्त झाले, म्हणून ‘होतो’ म्हणायला हवं. पण दलाल निवृत्त होत नसतो, गिऱ्हाईक निवृत्त होतं. माझ्या बापाजवळ बैल नव्हता, दोर होता. दुसऱ्यांचे बैल तो बाजारात नेऊन बांधायचा आणि संध्याकाळी रिकामा दोर खांद्यावर टाकून घरी यायचा. दोर धरणाऱ्यापेक्षा दोराची अदलाबदल करणारा बरा जगतो, हे मला फार लवकर कळलं. बाकी मला कोणी शिकवलं नाही.

आमचा धंदा न बघितलेल्यांसाठी थोडं सांगतो. बैलाचा भाव आम्ही तोंडानं बोलत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरतात, वरून दुपट्टा टाकतात आणि आत बोटांनी बोलतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा आवळला तर पाच. पुढं किती शून्यं ते बैलाकडे बघून ज्याचं त्याला कळतं. तोंडानं मात्र पाऊसपाण्याच्या गोष्टी चालू असतात. असंच विकणाऱ्याशी होतं. दोन्हीकडची बोटं जुळली की दलाल दुपट्टा झटकतो आणि मालाच्या पाठीवर थाप मारतो. थाप पडली की सौदा पक्का. मग देव खाली आला तरी तो मोडत नाही.

शिकलेली माणसं म्हणतात, ही लपवाछपवी आहे. अजिबात नाही. ही अब्रू आहे. एखाद्याला पोरीच्या लग्नासाठी बैल विकायचा असतो, एखाद्याला पेरणी तोंडावर आलेली असते. त्याची गरज किती मोठी आहे, ते चारचौघांना कळू नये म्हणून तो दुपट्टा असतो.

आता मंडळाचं सांगतो. चित्रकारांनीच काढलेलं, चित्रकारच चालवतात. मालक कोणी नाही, साहेब कोणी नाही. अध्यक्ष दरवर्षी चिठ्ठी टाकून निवडतात, कारण राजीखुशीनं कोणी होत नाही. खिळा कुठं ठोकायचा याचाही ठराव होतो. तिथं नुसती चित्रं नसतात. माणसं स्वतःच काहीबाही करून दाखवतात. एक पोरगा दिवसभर रिकामं सूप पाखडत बसला होता. एक जण भिंतीसमोर हात जोडून भिंतीची माफी मागत होता. भिंतीचं काय बिघडवलं होतं, ते त्यानं सांगितलं नाही.

त्या मंडळातली शुभांगी एक दिवस आंधळगावला माझ्या ओसरीवर आली. मोहाडीच्याच मास्तरांची पोरगी, नागपूरला चित्रकला शिकून आलेली.

“काका, तुमाले काहीच करायचं नाही. खाटेवर बसायचं. जो येईल त्याच्यासंगं दुपट्ट्याखाली सौदा करायचा.”

“माल कोनता?”

“माल नाही.”

“म्हणजे?”

“सौदा हाच माल.”

“बाई, चहा झाला ना तुह्या? मंग आता निघ.”

“काका, ऐका तर...”

“मालाशिवाय हात कपड्याखाली गेला, त्याले सौदा नाही म्हणत. त्याले हात धरणं म्हणतात. ह्या वयात मी कोनाकोनाचे हात धरू?”

ती गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही आली. बसायची, चहा प्यायची, मी शिव्या दिल्या की हसायची. मी पुष्कळ गिऱ्हाइकं बघितली आहेत. जो ओरडतो त्याला मी भीत नाही. जो चहा पीत बसतो त्याला भितो. शेवटी मी माझी अट घातली. माल खरा पाहिजे, नजरेसमोर पाहिजे, आणि मालाच्या धन्यानं आधी माझ्या हातात बोटं दिली पाहिजेत.

“तिथं जे मांडलं आहे त्यातलं तुमीच निवडा,” ती म्हणाली.

मी मिलमध्ये गेलो आणि निवडला तो बैल. प्रमोद सरांनी केला होता. शाळेत ड्रॉइंग शिकवणारा, वाळलेल्या शेंगेसारखा माणूस. हसायचं असलं तरी आधी विचार करायचा. बैलाला बांबूचा सांगाडा, त्यावर नव्या धानाचं तणस, म्हणजे पेंढा, सुतळीनं आवळलेलं. उभा बैल, अंगानं पुरा. मी धंद्याच्या रीतीनं फेरी मारली. खांदा भरलेला, पाठ सरळ, खूर जरा बारीक. दात बघायला तोंडात हात घातला, तर हाताला सुतळी लागली.

“सर, दात नाही लावले?”

“काका, हा संकल्पनेतला बैल आहे.”

“म्हणजे अदत.” दुधाचे दात न पडलेल्या गोऱ्ह्याला आम्ही अदत म्हणतो. “चालते. अदतले भाव असते.”

मग मी सरांना खाटेवर बसवलं, दुपट्टा टाकला आणि त्यांची हद्द विचारली. त्यांनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि माझी बोटं धरली. मी थोडं दाबून बघितलं. ते सरकले नाहीत. मी म्हटलं, “याच्याखाली नाही?” ते म्हणाले, “नाही.” विकणाऱ्याकडून माझं काम झालं.

पुढं जो घोटाळा झाला तो इथं झाला. सरांना वाटलं, हा शुभांगीच्या खेळाचा भाग आहे. मला वाटलं, मालकानं भाव दिला. मला सांगा, मी काय दुसरं समजायला पाहिजे होतं? माणसानं दुपट्ट्याखाली बोट धरलं म्हणजे धरलं.

प्रदर्शन उघडलं. लोक येत, खाटेवर बसत, हात घालत, खिदळत. एकानं आतल्या आत माझ्या तळव्यावर बदाम काढला. एक बाई म्हणाली, “किती खोल अनुभव आहे!” मी म्हटलं, “बाई, बैल घ्यायचा आहे काय?” ती म्हणाली नाही. “मंग हात काढा.” शुभांगी बाजूला उभी राहून हे सगळं मोबाइलवर घेत होती आणि माझ्या चिडण्यावर जाम खूश होती. मी खरंच चिडत होतो.

आणि मग डोमाजी आला.

अड्याळकडचा शेतकरी, माझं जुनं गिऱ्हाईक. पोरीच्या सासरी मंडईला आला होता. पाव्हण्यांनी फिरायला म्हणून मिलमध्ये आणलं. दारातच रिकामं सूप पाखडणारा पोरगा दिसला. डोमाजी बराच वेळ बघत राहिला.

“हा काय करून राहिला जी?”

“काही नाही, कला आहे,” मी सांगितलं.

“हव काय? मले वाटलं, सरकारी काम आहे.”

मग त्याला तो बैल दिसला. तो सरळ तिकडं गेला. भोवती फिरला, पाठीवरून हात फिरवला, उजव्या बाजूनं उभा राहून बघितलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. आमच्या धंद्यात बैल सगळेच बघतात, दलाल तोंड बघतो. हा माणूस मजा बघायला आलेला नव्हता.

“नत्थूभाऊ, हा इकाऊ आहे?”

“बस.”

त्यानं टोपी बाजूला ठेवली, माझ्यासमोर बसला आणि दुपट्ट्याखाली हात घातला. तोंडानं आम्ही म्हणत होतो की यंदा धानावर तुडतुडा लय होता. आत काय चाललं होतं ते माझं आणि त्याचं. एवढंच सांगतो, की उभ्या दिवसात पहिल्यांदा माझी बोटं जागी झाली. तो सरकला, मी थांबलो, मी सरकलो, तो अडला. लोक जमले. भिंतीची माफी मागणाराही माफी अर्धी टाकून बघायला आला. सरांनी दिलेली हद्द आली, ओलांडली. मी दुपट्टा झटकला. डोमाजी उठला आणि त्यानं स्वतःच बैलाच्या पाठीवर थाप मारली. हात कोपरापर्यंत आत गेला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

डोमाजीनं हात बाहेर काढला, कमरेचा दोर सोडला आणि तणसाच्या बैलाच्या नाकात वेसण ओवायला बसला. पुन्हा टाळ्या. एकानं त्याला विचारलं, “आपण कुठल्या कला महाविद्यालयाचे?” तो म्हणाला, “अड्याळचा.”

आता खरी बोंब उठली. मंडळाचा म्हणे ठरावच होता, की प्रदर्शनातली कोणतीही वस्तू विकायची नाही. प्रमोद सर धावत आले. “काका, ते प्रतीकात्मक होतं!”

“तुमी बोटं दिले का नाही?”

“दिले, पण...”

“थाप पडली का नाही?”

“पडली, पण...”

“मंग ‘पण’ घरी ठेवून या.”

धान वाळवायच्या ओट्यावर सतरंजी टाकून लगेच सभा बसली. मी तिथं बसलो तेव्हा माझं काय पणाला लागलं होतं, ते त्या मंडळींना कळलं नसेल. त्यांच्यासाठी एक कलावस्तू जाणार होती. माझ्यासाठी आयुष्यभराचा शब्द जाणार होता. मोडलेल्या सौद्याचा दलाल म्हणून अड्याळपासून आंधळगावपर्यंत पोरंसोरं मला ओळखणार. गरिबी मी पचवली, पण हे पचवलं नसतं.

“मी एकदाच सांगतो,” मी म्हणालो. “हा सौदा मोडला, तर मी ह्या मिलच्या दारात बसीन आणि आत जाणाऱ्या एकूण एक माणसाले सांगीन, की इथले लोकं खोटे आहेत.”

शुभांगी हळूच म्हणाली, “काका, ती पण एक कलाकृती होईल.”

“तू चूप बस.”

पण बोलली ती माझ्याच बाजूनं. “सौदा मोडला तर माझं काम नाटक ठरतं,” ती सभेला म्हणाली. “मी लोकांसमोर खरा सौदा मांडला आहे.” दुसरे म्हणाले, प्रदर्शनातली सगळ्यात मोठी वस्तू अर्ध्यातून गेली तर उरलं काय, भिंत आणि सूप? सूपवाला पोरगा रागावून उठला. त्यावर वेगळा ठराव होतो की काय, असं मला वाटलं.

तेवढ्यात त्या वर्षीचे अध्यक्ष डोमाजीकडे वळले. “दादा, पण तुम्हाला हा कशासाठी हवा आहे?”

मी ताडकन उठलो. “गरज विचाराची नसते! ह्याच्यासाठीच दुपट्टा असते!”

“राहू दे, नत्थूभाऊ,” डोमाजी म्हणाला. तो बैलाचा दोर धरून ओट्याच्या कडेला बसला होता. “आपल्याच लोकाइले सांगाले काय लाज?”

आणि त्यानं सांगितलं. त्याची जोडी होती, चांद्या आणि मोऱ्या. मोऱ्या उजवीकडचा. तो मेला. तेव्हापासून चांद्या गव्हाणीत तोंड घालत नाही. हिरवं दिलं, ढेप दिली, डॉक्टर बोलावला. डॉक्टर म्हणाला, याला आजार नाही. “उजवीकडं पाहते आणि उभा राहते. दुसरा बैल आणून बांधला, तर त्याले शिंगावर घेते. आमच्याकडं गाईचं वासरू मेलं तर त्याच्या कातड्यात तणस भरून तिच्यापुढं ठेवतात. गाय चाटते, पाना सोडते. म्हणलं, बैलालेही पाहू असंच करून. उजवीकडं काही उभं तर राहीन.”

अध्यक्षांनी मत घ्यायचं म्हणून हात वर करायला सांगितलं. पहिला हात प्रमोद सरांचा वर गेला.

“पण माझी एक अट आहे,” ते म्हणाले. “मांडणी मी स्वतः करून देईन.”

टेम्पोत बैल चढवला. डोमाजी ड्रायव्हरजवळ बसला, मी आणि सर मागं. ताडपत्रीच्या वर शिंगं दिसत होती. वाटेत नाक्यावर एका जमादारानं हात केला.

“जनावर कोठं नेऊन राहिले? कागद कुठं?”

सर म्हणाले, “ही कलाकृती आहे.”

“मी कागद इचारला.”

“साहेब, तणसाचा आहे,” मी म्हणालो.

“मी खुराक नाही इचारला, कागद इचारला.”

शेवटी मी त्याचा हात धरून बैलाच्या पोटात घातला. त्यानं तो बराच वेळ आतच ठेवला. मग बाहेर काढून मूठभर तणस बघितलं, आजूबाजूला कोणी बघत नाही याची खात्री केली आणि म्हणाला, “आधी सांगाचं ना.” आम्ही सांगितलंच होतं.

अड्याळला डोमाजीच्या गोठ्यात पोचलो. चांद्या उभा होता, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. सरांनी आपला बैल उजव्या जागेवर ठेवला, मागं सरून बघितलं, पुन्हा थोडा तिरपा केला. उजेड खांद्यावर यायला हवा होता म्हणे. डोमाजीची बायको तोंडाला पदर लावून दारात उभी होती. चांद्यानं मान वळवली. हुंगलं. आम्ही श्वास धरून उभे. त्यानं तणसाच्या गळ्यावर गळा घासला, डोळे अर्धवट मिटले. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग चांद्यानं त्याचा कान खाल्ला.

“अरे!” सर ओरडले.

“चूप!” डोमाजीनं त्यांचा दंड पकडला. “खाऊन राहिला! बाप्पा, खाऊन राहिला!”

दुसरा कान गेला. वशिंड गेलं. चांद्या शांतपणे, सवयीच्या गिऱ्हाइकासारखा खात होता. डोमाजी रडत होता आणि हसत होता. त्याची बायको पाणी घेऊन धावली. आणि प्रमोद सर, ज्यांनी कापणीपासून राबून तो बैल उभा केला होता, ते शेणाच्या पालथ्या टोपलीवर बसून भराभरा चित्र काढत होते.

पुढं असं झालं, की चांद्या गव्हाणीत तोंड घालीना. त्याला खायचं ते त्या सांगाड्यातलंच. डोमाजीची बायको रोज सकाळी बांबूत नवं तणस भरायची, चांद्या रोज आपला सोबती खायचा. डोमाजीनं मला बाजारात सांगितलं, “भाऊ, असा बैल पाह्यला नव्हता. रोज मरते आणि रोज उभा राहते.”

दुसऱ्या वर्षी मंडळानं ठराव केला, की तो बैल प्रदर्शनात उसना आणायचा. सांगाडा आणायचा म्हणजे चांद्याही आणावा लागणार, नाहीतर तो उपाशी. चांद्या येणार म्हणजे डोमाजी येणार. आणि शुभांगी पुन्हा माझ्या ओसरीवर, “काका, तुमीही बसा. तुमच्याशिवाय ते पुरं होत नाही.”

हे मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मी नवं धोतर नेसून गेलो. उद्घाटनाला बाहेरगावचे पाहुणे आले होते. मधोमध तणसाचा बैल, त्याला खाणारा चांद्या, बाजूला खाटेवर मी. पाहुणे म्हणाले, “अप्रतिम.” आणि वाकून पाटी वाचू लागले. मीही वाकलो.

माध्यम : बांबू, तणस, सुतळी, बैल आणि दलाल.

मी तिथंच तोंड सोडलं. काय बोललो ते छापण्यासारखं नाही. पाहुण्यांना ते प्रदर्शनात धरलेलं वाटलं, त्यांनी मागं सरून मला जागा करून दिली. माझा राग ऐकायला लोक गोल करून उभे राहिले, हे बघून मला आणखी राग आला. माणसानं चिडायचं तरी कुठं?

शुभांगी आली. “काका, झालं काय?”

“मी माध्यम? सुतळीच्या मांगं?”

“पाटी वजनाप्रमाणं नाही लिहिली काका, जसं आठवलं तसं.”

“माह्यं नाव वर टाक. कलावंताच्या जागी.”

“तिथं सरांचं नाव आहे.”

“मंग खाली पहिला टाक.”

ती खाटेवर बसली, माझ्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि आपल्या हातावर टाकला. “करा सौदा,” ती म्हणाली.

पाटीवरचा नंबर हा माल. मला हसू आलं. कालची पोर माझ्यासंगं बसते! मी तिचं एक बोट धरलं. तिनं माझा अख्खा पंजा आवळला, म्हणजे पाचवा, आहे तिथंच. मी पुन्हा एक धरलं. ती तोंडानं म्हणाली, “यंदा तुडतुडा कमी होता, नाही काका?” तिनं चार केली, मी हललो नाही. तिनं तीन केली. मग ती गप्प बसली. नुसती बसली, माझ्या ओसरीवर चहा पीत बसायची तशी. बोटं ढिली नाहीत, घट्ट नाहीत. मी तिच्या तोंडाकडे बघितलं, तिथं काही लिहिलेलं नव्हतं. शेवटी तिनं माझी दोन बोटं धरली आणि कानाशी वाकून म्हणाली, “पहिला नंबर बैलाचा, काका. तो खाते. तुमी नुसते बसता.”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्याच बोटांनी तिची दोन बोटं धरली. मी नाही, बोटांनी.

पाटी बदलली. आता तीवर ‘बैल, दलाल, बांबू, तणस, सुतळी’ असं आहे. ज्याला खोटं वाटेल त्यानं मंडईच्या दिवसांत जाऊन बघावं. त्या तणसाच्या बैलाचा भाव काय ठरला होता, ते मात्र सर सांगत नाहीत, डोमाजी सांगत नाही आणि मी सांगणार नाही.

बैलाच्या खाली राहिलो त्याचं मला दुःख नाही. चांद्या चांगला बैल आहे. माझा राग वेगळाच आहे. बोटं जुळल्याबरोबर त्या पोरीनं, सगळ्या लोकांसमोर, दुपट्टा झटकला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.